प्रति: कुपवाडला घर घ्यावं का?
सांगलीत भाडं परवडत नाही म्हणून कुपवाडला बघतोय पण "तिकडं सगळी कामगारवस्ती" असं लोक म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय, त्यावर सांगतो. आम्ही बरीच वर्षं तिथंच राहतोय, वडील एमआयडीसीत फाउंड्रीत होते. कामगारवस्ती आहेच की, त्यात कमीपणा कसला? सेकंड शिफ्टवाले रात्री घरी येतात त्यामुळं गल्लीत उशिरापर्यंत कोण ना कोण जागं असतं, आईला रात्री दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा न बोलवता तिघं गाडी घेऊन आले, हे मी कधी विसरणार नाही.

आणि 2019 चा महापूर आठवा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलेलं, नदीजवळच्या गावभागातले (जुन्या सांगलीतले) आमचे मामा सगळं घरदार घेऊन आमच्या दोन खोल्यांत राहिले, कारण कुपवाड उंचावर, नदीपासून लांब. घर बघताना भाड्याइतकंच हे पण बघा.

त्रास आहे तो गटारीचा. 1998 ला सांगली, मिरज, कुपवाड मिळून महापालिका झाली पण सोयी आमच्याकडं सगळ्यात शेवटी येतात, याचा खरंच राग येतो. पावसाळ्यात एकदा येऊन गल्ली बघा, मगच डिपॉझिट द्या.