मदत हवी आहे: सबवूफर घुमतोय, वरून घूं घूं पण येते

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. कापसाचे पैसे आले तेव्हा बाबांसाठी जुना 5.1 रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा अॅम्प्लिफायर) आणि 10 इंची पॉवर्ड सबवूफर (खालचा बास वाजवणारा, स्वतःचा अॅम्प असलेला स्पीकर) घेतला. त्यांना राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं लागतात. खंजिरी छान वाजते, पण ढोलकीचा डग्गा नुसता घुमतो, थाप कळतच नाही.

रिसीव्हरच्या सबवूफर आउटमधून एक आरसीए केबल सबच्या एलएफई (खालच्या बासच्या) इनपुटला दिली आहे. रिसीव्हरमध्ये स्पीकर 'स्मॉल', क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबकडे जातो ती हद्द) 80 हर्ट्झ, सबवरचा क्रॉसओव्हरचा नॉब पूर्ण वर. फेज (सबचा आवाज बाकी स्पीकरांशी जुळवायचं बटण) 180 वर बाबांच्या खाटेपाशी आवाज भरीव वाटतो, मग तोच ठेवू ना? खोली 14 बाय 12, वर टिनं, सब कोपऱ्यात. लांबीच्या हिशेबाने 40 हर्ट्झच्या आसपास खोलीच घुमत असणार. सब खाटेवर ठेवून भिंतीच्या कडेने रांगत जागा शोधायची पद्धत कोणी केली आहे का?

दुसरी अडचण जास्त छळते. भजन बंद असलं तरी 50 हर्ट्झची घूं घूं चालूच. डिशची केबल काढली की थांबते, म्हणजे ग्राउंड लूपच (दोन वाटांनी अर्थिंग जोडलं जाऊन येणारी घूं घूं). एकाने अर्थिंगची पिन कापायला सांगितली. ते मी करणार नाही, घरात लहान लेकरं आहेत. डिशच्या केबलला आयसोलेटर (अर्थिंगची जोडणी तोडणारा तुकडा) लावला तर एलएनबीची (छत्रीवरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीची) वीज अडेल, म्हणून आरसीएच्या मध्ये ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावू म्हणतो. त्याने अगदी खालचा बास जातो का? ज्यांनी लावला असेल त्यांनी कृपया सांगा.