शब्दचर्चा: 'सरफेस ट्रीटमेंट' केलेला रॉड, म्हणजे नेमकं काय केलेला?

पत्रकवाला
वर्धा जिल्ह्यातल्या एका लहान रुग्णालयासाठी पत्रक लिहितोय. ज्यांच्या पायात हाडाला जोडणारी पट्टी (प्लेट) नाहीतर रॉड टाकला, किंवा खुब्यात कृत्रिम सांधा बसवला, त्यांच्या हाती सुट्टीच्या वेळी द्यायचं. सामानासोबत आलेल्या इंग्रजी कागदावर 'सरफेस ट्रीटेड टायटॅनियम अलॉय' असं आहे. जुन्या पत्रकात कोणीतरी त्याचं 'पृष्ठभाग-उपचारित टायटॅनियम मिश्रधातू' करून ठेवलं होतं. एका आजोबांनी ते नातवाकडून वाचून घेतलं आणि सिस्टरला विचारलं, "रॉडले काय बिमारी होती का जी? मंग माह्याच पायात कायले टाकला?"
'उपचारित' काढायचं हे ठरलंय. त्याच्या जागी काय? मुलामा, लेप, थर, कल्हई, पॉलिश, सगळं सुचवून झालं, एकावरही एकमत नाही.

कास्तकार
बियाण्याला आपण काय करतो? बीजप्रक्रिया. सोयाबीन पेरायच्या आधी थायरम चोळतो, रायझोबियम लावतो, त्याला कोणी उपचार म्हणत नाही. 'बीजोपचार' हे हिंदी पाकिटावरचं. 'प्रक्रिया केलेला' लिहा, आमच्याकडं एकही माणूस अडणार नाही.
आणि 'पृष्ठभाग'सुद्धा काढा. खुब्याच्या पेशंटला पृष्ठभाग म्हटलं की तो भलतीकडंच हात लावून पाहील.

निवृत्त मास्तर
'प्रक्रिया' मान्य. मात्र प्रक्रिया पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीला शब्द आहे. पॅसिव्हेशनला निष्क्रियीकरण, ॲनोडायझिंगला धनाग्रीकरण. ते वापरावेत. लोक शिकतील.

ओटीतली सिस्टर
सर, निष्क्रियीकरण वाचून पेशंट म्हणेल की रॉड काम करत नाही. निष्क्रिय माणूस कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे.
दुसरं, नुसतं 'धातू' कुठेच लिहू नका. एसटीतून येताना भिंती वाचल्या असतील तर कारण सांगायला नको: 'धातुदौर्बल्यावर खात्रीशीर इलाज'. 'तुमच्या शरीरातील धातूबाबत सूचना' असं एका कागदावर छापलं होतं, पुरुष मंडळी तो कागद घडी करून खिशात घालायची, बायकोला दाखवायची नाहीत. सरळ 'स्टील' लिहा, 'टायटॅनियम' लिहा.

फिटर
मी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एमआयडीसीत प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर दुसरा धातू चढवायच्या, कामात होतो. इम्प्लांट नाही बनवले, पण ॲसिडची टाकी आणि तिला वीज पुरवणारा रेक्टिफायर ओळखीचे आहेत. इथे सगळे नाम शोधताहेत, आणि मराठीत हे काम क्रियापद करतं. धातूच्या वरच्या अंगाला तीन वेगवेगळ्या गोष्टी होतात: काही चढवतात, काही धरतं, काही काढतात. या तिन्हींना एकच शब्द लावला की घोळ होणारच.

आधी 'धरणं'. साय धरते, शेवाळ धरतं, तसा टायटॅनियमवर ऑक्साइडचा थर धरतो. बाहेरून कोणी लावत नाही. हवेतल्या ऑक्सिजनशी धातूच संयोग करतो आणि काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. ओरखडा पडला तर तिथे लगेच पुन्हा धरतो. हाडासाठी जे स्टील वापरतात, ३१६एल, त्यात हेच काम क्रोमियम करतं. त्यातला 'एल' म्हणजे कार्बन कमी, ०.०३ टक्क्यांच्या आत. क्रोमियम साधारण १७ ते १९ टक्के. पॅसिव्हेशन म्हणजे हा थर नीट धरावा म्हणून केलेली तयारी. कारखान्यात कापताना, घासताना हत्याराच्या साध्या लोखंडाचे कण त्या पट्टीत रुतून बसतात. नायट्रिक किंवा सायट्रिक ॲसिडमध्ये बुडवलं की ते विरघळून जातात आणि क्रोमियमचा थर सलग धरतो. ते कण राहिले तर तिथूनच गंज सुरू होतो. स्टेनलेसवर लोखंडी तारेचा ब्रश मारू नका असं आमचा सुपरवायझर ओरडायचा, त्याचं कारण हेच.

म्हणून 'मुलामा' इथे साफ चूक आहे. मुलामा चढवावा लागतो, आणि 'वरवरचा मुलामा' म्हणताना आपण फसवणुकीबद्दल बोलतो. कल्हईचंही तेच: भांडं पितळेचं, वर कथील बाहेरचं.

कास्तकार
ऑक्साइड म्हणजे गंजच ना भाऊ? मंग पत्रकात 'गंज धरला आहे' लिहायचं का?

फिटर
रसायनाच्या हिशोबानं नातेवाईक, स्वभावानं उलटे. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो, सुटून पडतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. क्रोमियमचा किंवा टायटॅनियमचा थर घट्ट बसतो आणि खालच्याला झाकतो. पण 'ऑक्साइड' पत्रकात नकोच. दहावीत रसायन शिकलेला नातू घरात असतोच, तो बरोबर 'गंज' म्हणून वाचून दाखवेल.

तरी एक गोष्ट लपवू नका: स्टीलच्या पट्टीवरचा थर कायमचा अभेद्य नसतो. शरीरातलं पाणी खारट. स्क्रूचं डोकं आणि पट्टीचं भोक यांच्या फटीत ऑक्सिजन कमी पोचतो, मिठातलं क्लोराइड साचतं, वर दोघांची बारीक घासाघीस, तिथे थर तुटतो आणि पुन्हा धरायला ऑक्सिजनची चणचण पडते. काढलेल्या जुन्या पट्ट्यांवर डाग बहुतेक त्याच जागी दिसतात. टायटॅनियम यात जास्त टिकाऊ.

ओटीतली सिस्टर
बरोबर. काढलेल्या पट्टीवर स्क्रूच्या भोकाभोवती काळपट कडं मी पाहिलंय, मधला भाग चकचकीत.
रंगाचं काय लिहायचं? आमच्या ट्रेमध्ये स्क्रू जांभळे, निळे, हिरवे, सोनेरी असतात. एक्सरेत रंग दिसत नाही, पण काढलेला स्क्रू डबीत घालून घरी नेतात आणि मग "रंग उडला तर पोटात जाईल का" असं विचारतात.

फिटर
'रंगवलेला' लिहू नका, त्यात रंगद्रव्य नसतंच. हे ॲनोडायझिंग. टायटॅनियमचा तुकडा विजेच्या धन टोकाला जोडून द्रावणात सोडतात. तोच ऑक्साइडचा थर जाड होतो, आणि किती जाड ते व्होल्टेजवर ठरतं. थराच्या वरून आणि खालून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात, त्यातून रंग दिसतो. व्होल्टेज वाढवत नेलं की कांस्य, जांभळा, निळा, पिवळा, गुलाबी, हिरवा असा क्रम लागतो. दहा-वीस व्होल्टचा फरक, आणि स्क्रूची ओळख बदलते. टाकीत तुकडा सोडल्यावर क्षणाक्षणाला रंग पालटताना बघणं, त्या कामातली तेवढी एकच देखणी गोष्ट.
थर विजेनं वाढवला असला तरी धातूतूनच वाढलेला, म्हणून क्रियापद 'धरवणं'. 'चढवणं' नाही.

ओटीतली सिस्टर
रंग मापासाठी असतात, कोणता स्क्रू किती जाडीचा ते पटकन कळावं म्हणून. प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यामुळे पत्रकात 'हिरवा म्हणजे अमुक' असं काही लिहू नका.
सोनेरी रंगावरून तर भांडणं होतात. काही गुडघ्याच्या सांध्यांवर टायटॅनियम नायट्राइड असतं, अगदी सोन्यासारखं. नातेवाईक म्हणतात, सोन्याचं पाणी दिलं म्हणून बिल वाढवलं.

फिटर
ते मात्र चढवलेलं. निर्वात पेटीत धातूची वाफ करून काही मायक्रॉन जाडीचं कठीण आवरण बसवतात, सोन्याचा कणही त्यात नसतो. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी असे सांधे वापरतात. 'चढवलं' या क्रियापदाचं दुसरं चांगलं उदाहरण हायड्रॉक्सीॲपटाइट. हाडातला जो खनिज भाग, कॅल्शियम आणि फॉस्फेटचा, त्याच जातीची भुकटी प्लाझ्माच्या, म्हणजे अतितप्त वायूच्या, झोतातून खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या दांड्यावर मारतात. हाडाला ते ओळखीचं वाटतं. इथे 'आवरण' लिहा. 'लेप' नको, लेप म्हटलं की लोक वरून गुडघ्याला चोळायचं औषध मागतील.

निवृत्त मास्तर
'आवरण' उत्तम. तिसरा प्रकार राहिला, 'काढणं'.

फिटर
त्यात पुन्हा दोन दिशा. इलेक्ट्रोपॉलिशमध्ये विजेनं धातू विरघळवतात, उंचवटे आधी जातात, सपाटी येते. उलट, ॲल्युमिनाची रेती जोरानं मारून आणि नंतर ॲसिडनं खाऊन मुद्दाम खरबरीत करतात. कृत्रिम दातासाठी जबड्यात बसवायच्या टायटॅनियम स्क्रूला हे नेहमीचं. स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे स्क्रू बसवले तेव्हा ते यंत्रावर कातलेले साधेच होते, खरबरीतपणाचं शास्त्र पुढं वाढलं. एकाच खुब्याच्या सांध्यात दोन्ही दिसतात: दांडा हाडात रुतायचा म्हणून खरबरीत, वरचा गोळा वाटीत फिरायचा म्हणून आरशासारखा.

कास्तकार
जात्याले टाकी लावते तसं. गुळगुळीत जातं दळत नाही.

ओटीतली सिस्टर
टाकी शब्द आवडला, पण आता जातं किती घरी आहे? 'खरबरीत केलेला' पुरे.
पेशंटच्या कामाचा मुद्दा यातच आहे. जी पट्टी पुढं काढायची असते ती गुळगुळीत असलेली बरी. टायटॅनियमला हाड फार घट्ट धरतं, वर्षांनी काढायला गेलं तर स्क्रू निघता निघत नाही. 'रॉड काढायचा का, कधी?' हे सुट्टीच्या वेळीच डॉक्टरांना विचारा, असं ठळक छापा.

पत्रकवाला
मसुदा असा झाला:
"तुमच्या पायात टायटॅनियमचा रॉड बसवला आहे. टायटॅनियमवर आपोआप एक घट्ट थर धरतो, त्यामुळे तो लोखंडासारखा गंजत नाही. कारखान्यात त्यावर प्रक्रिया करून हा थर जाड केला आहे. स्क्रूचा रंग या थरामुळे दिसतो; तो रंग लावलेला नाही. रॉड पुढे काढायचा की ठेवायचा, हे आजच डॉक्टरांना विचारा."
खुब्याच्या पत्रकात तिसऱ्या आणि चौथ्या वाक्याऐवजी: "दांड्यावर हाडातल्या खनिजासारखं आवरण चढवलं आहे, म्हणजे हाड त्याला धरेल."

ओटीतली सिस्टर
'टायटॅनियमचा' छापून ठेवू नका, तिथे रिकामी जागा सोडा. अर्ध्या लोकांना स्टीलचा बसतो. स्टीलवाल्यांच्या कागदावरून जाड थराचं आणि रंगाचं अशी दोन्ही वाक्यं काढा.

कास्तकार
आणि 'आपोआप'च्या जागी 'आपसूक' लिहा जी. आपोआप मोटार सुरू होते.