ब्रिटनमधली वापरलेली गाडी इंदूरला आणायची आहे. कस्टम, बंदर, आरटीओ मिळून किती पडेल?

सुदामानगरकर
मंडळी, नमस्कार. भाचा बर्मिंगहॅमहून कायमचा परत येतोय, तिथं चार वर्षं झाली. त्याच्या नावावर दीड लिटर पेट्रोलची एसयूव्ही आहे, तिथल्या पहिल्या नोंदणीला बावीस महिने झालेत. विकायला काढली तर भाव पाडून मागतात, म्हणून घरच्या सामानाबरोबर गाडीही जहाजावर चढवावी असं त्याच्या डोक्यात आहे. स्टिअरिंग तिकडेही उजवीकडेच, तेव्हा अडचण नसावी. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये (टीआर, म्हणजे परदेशातून कायमचं परत येणाऱ्यांना मिळणारी कस्टम सवलत) ड्यूटी माफ होते का? पीथमपूरजवळ टिहीच्या कंटेनर डेपोत गाडी थेट सोडवता येईल का? आणि एमपी ०९ ची पाटी लागेपर्यंत साधारण किती खर्च येईल? आकडे मांडून दाखवलेत तर त्याला समजावणं सोपं जाईल.

रामबाग_चौक
दोन वर्षांच्या वर राहिला असेल तर टीआरमध्ये सगळं माफ. गाडी फक्त वर्षभर त्याच्या नावावर हवी.

बंदर_कागद
रामबागवाले दादा, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यात आणि हाच घोटाळा सगळे करतात. "दोन वर्षं परदेशात, वर्षभर नावावर" ही अट आयात धोरणातली आहे. तिच्यामुळे ड्यूटी एक रुपयानंही कमी होत नाही. टीआरची सवलत भांडीकुंडी, फ्रिज, टीव्ही यांना. बॅगेजच्या नियमांतून मोटारगाडी स्पष्टपणे वगळलेली आहे. सामान भाच्याच्या नावानं सवलतीत सुटेल, गाडीवर पूर्ण शुल्क लागेल.

आता सुदामानगरकर, शुल्काच्याही आधी गाडी आणायला परवानगी आहे का ते बघा. वापरलेल्या गाडीसाठीच्या अटी अशा:

वय तीन वर्षांच्या आत हवं, आणि ते बनल्याच्या तारखेपासून मोजतात, नोंदणीच्या नाही. कारखान्यातून निघालेली गाडी तिथं शोरूममध्ये सात-आठ महिने उभी असू शकते. बावीस महिन्यांची म्हणता ती कागदावर तीस महिन्यांची निघाली, तर जहाजाच्या एका उशिरात हातची जाईल. आधी कंपनीकडून चेसिस नंबरवरून बनल्याची तारीख लेखी मागवा.

स्टिअरिंग उजवीकडे हवं, ते आहे. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारा हवा, ब्रिटनच्या गाडीला तोही ठीक. स्पीडोमीटर मात्र किलोमीटरमध्ये हवा, आणि ब्रिटनची गाडी मैल दाखवते! उजव्या स्टिअरिंगच्या आनंदात हे कुणाच्या लक्षातच येत नाही. काट्याच्या मीटरवर आत बारीक अक्षरांत किलोमीटर छापलेले असतात, त्यावर विसंबू नका. डिजिटल क्लस्टर (मीटरचा पॅनेल) असेल तर तिथल्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून मुख्य आकडा किलोमीटरवर करून घ्या आणि तसं पत्र घ्या. काट्याचा असेल तर अख्खा क्लस्टर बदलावा लागतो. मग जुन्या मीटरचं रीडिंगही लिहून घ्या, नाहीतर पुढे ओडोमीटरवरून शंका काढतात.

कागद दोन. एक, गाडी बनली तेव्हाचं मूळ होमोलोगेशन प्रमाणपत्र, म्हणजे ते मॉडेल नियमांत बसतं अशी मंजुरी. दुसरं, जहाजावर चढण्याच्या लगेच आधी मान्यताप्राप्त संस्थेनं तपासून दिलेलं प्रमाणपत्र की गाडी भारताच्या मोटार वाहन नियमांत बसते. शिवाय पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी राहील आणि तेवढी वर्षं सर्व्हिसची सोय आहे, याची हमी. हे कागद जहाज निघाल्यावर जमवायला गेलात तर तोवर गाडी बंदरात भाडं खात उभी राहते.

टिहीचं उत्तर सरळ नाही असं आहे. वापरलेली गाडी फक्त मुंबईच्या कस्टम बंदरातून येऊ शकते. नव्या गाड्यांना चेन्नई, कोलकाता वगैरे बंदरं मोकळी आहेत, वापरलेलीला नाहीत. न्हावा शेवा हे वेगळं बंदर, शिपिंगवाल्यानं सवयीनं ते लिहिलं तर बुकिंगच्या आधीच दुरुस्त करून घ्या.

तिलकनगर_सीए
आकडे मी मांडतो. पहिला धक्का असा की कस्टम भाच्याच्या खरेदीच्या पावतीवर चालत नाही. ती गाडी नवी असताना तिची जी किंमत होती ती घेतात आणि तिच्यातून घसारा वजा करतात. पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी २.५. म्हणजे दोन वर्षं पूर्ण झाली तर १६ अधिक १२, एकूण २८ टक्के. तिकडच्या सेकंडहँड बाजारात भाव पडलाय, तो इथं कामाला येत नाही.

समजा नवी असताना ३० लाखांची होती.

घसारा वजा जाता २१.६० लाख
जहाजभाडं आणि विमा (समजा) २.४० लाख
सीआयएफ किंमत (गाडी, विमा आणि भाडं मिळून) २४ लाख
मूळ सीमाशुल्क ७० टक्के: १६.८० लाख
कृषी पायाभूत सुविधा उपकर ६७.५ टक्के: १६.२० लाख
इथवर ५७ लाख
त्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) ४० टक्के: २२.८० लाख
एकूण ७९.८० लाख

यात करच ५५.८० लाखांचा आहे. झटपट हिशेब हवा असेल तर सीआयएफ किमतीला ३.३२५ नं गुणा.

२०२५ च्या अर्थसंकल्पात "१२५ वरून ७० टक्के" असे मथळे आले होते, ते वाचून बरेच जण हुरळले. पूर्वी १२५ वर १२.५ चा समाजकल्याण अधिभार होता, आता ७० वर ६७.५ चा उपकर. बेरीज तेव्हाही १३७.५ आणि आजही १३७.५. आयजीएसटीचे ४० टक्के सप्टेंबर २०२५ पासूनचे आहेत. पेट्रोलची गाडी चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीपर्यंत असती तर १८ लागले असते, पण दीड लिटरला ती पळवाट नाही.

आणखी एक. जहाजभाड्याची पावती नसेल, किंवा घरच्या सामानासकट एकच ठोक बिल असेल, तर कस्टम भाडं गाडीच्या एफओबी किमतीच्या (भाडं-विमा सोडून, इथं २१.६० लाख) २० टक्के आणि विमा १.१२५ टक्के धरू शकतं. वरच्या उदाहरणात सीआयएफ २६.१६ लाख होते आणि शेवटचा आकडा ८७ लाखांच्या घरात जातो. एका कागदापायी सात लाख. गाडीचं भाडं वेगळं लिहून घ्या.

सुदामानगरकर
बाप रे. ३० लाखांच्या गाडीला ८० लाख! तरी पूर्ण चित्र कळू द्या. समजा त्यानं हट्ट धरलाच, तर तिकडून निघताना काय करायचं आणि मुंबईत काय?

बंदर_कागद
निघताना: गाडीवर कर्ज असेल तर ते आधी फेडून वित्त कंपनीचं पत्र. तिथलं लॉगबुक, म्हणजे व्ही-५-सी, त्यातला कायमस्वरूपी निर्यातीचा भाग भरून डीव्हीएलएकडे (तिथलं वाहन नोंदणी खातं) पाठवायचा आणि बाकीचं लॉगबुक जवळ ठेवायचं. पूर्ण पाठवून दिलं तर मालकी दाखवणारा मूळ कागदच हातून जातो. भरलेल्या रस्ता-कराचे उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मिळतात.

एक गाडी वीस फुटी कंटेनरमध्ये बसते. रो-रो जहाज (गाडी चालवतच आत चढवतात ते) स्वस्त पडतं, पण गाडीत सामान ठेवता येत नाही. दोन्हीकडे टाकी पाव किंवा त्याहून कमी. बॅटरीची वायर सुटी करा. नवीन गाड्यांचा ट्रॅकर आणि अलार्म समुद्रावरच्या आठवड्यांत बॅटरी पार उतरवतात, मग बंदरात ना कुलूप उघडतं ना गियर सुटतो. दुसरी किल्ली एजंटाकडे. कंटेनर घेतला तरी डिकीत मिक्सर, पुस्तकं कोंबू नका. यादीत नसलेली एक वस्तू निघाली की सगळ्याचीच तपासणी लांबते.

मुंबईत: स्वतःच्या वापरासाठी असेल तर आयईसी (आयात-निर्यात परवाना क्रमांक) लागत नाही, पण कस्टम ब्रोकर हवाच. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टमला द्यायचं घोषणापत्र, जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं असतं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. बंदराचं आणि कंटेनरचं भाडं वेगळं. तीस दिवसांत सोडवली नाही तर कस्टम कायद्याच्या कलम ४८ खाली माल विकायला निघू शकतो. म्हणून शुल्काची रक्कम जहाज निघतानाच बँकेत मोकळी हवी. "एफडी मोडून भरू" म्हणणाऱ्यांचीच गाडी अडकते.

नंतर गाडी चाचणीला जाते. धोरणात नावं आहेत ती अहिल्यानगरच्या व्हीआरडीई आणि पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थांची. नंबर नसलेली गाडी चालवत न्यायची नाही, कॅरिअरवर टाकायची. अहिल्यानगरला झाली तर तीच गाडी मनमाड, धुळे, सेंधवामार्गे इंदूरला पाठवा, परत मुंबईचा फेरा नको.

नायता_मुंडला_फेरी
आरटीओचं सांगतो. शोरूमची नवी गाडी हल्ली दाखवायला न्यावी लागत नाही, पण आयात केलेली प्रत्यक्ष हजर करावीच लागते. फॉर्म २०, बिल ऑफ एंट्री, शुल्क भरल्याचं चलन, चाचणीचं प्रमाणपत्र, परदेशी लॉगबुक, विमा, इंदूरच्या पत्त्याचा पुरावा, चेसिस नंबरचा पेन्सिल-छाप. चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो, त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात. एजंट शून्याच्या जागी ओ टंकतो आणि विम्यावरचा नंबर बिल ऑफ एंट्रीशी जुळत नाही. मग आधी विमा दुरुस्त करा, मग परत या. नायता मुंडल्याच्या आरटीओपर्यंतचा हेलपाटा फुकट.

रोड टॅक्सचा अंदाज बांधताना तीस लाख धरू नका. बिल ऑफ एंट्रीतली किंमत अधिक शुल्क, असं धरून चाला.

रामबाग_चौक
टीआरबद्दल माझं चुकलं, मान्य. पण भिया, नेपाळ-भूतानकडून रस्त्यानं आणतात ना लोक? तिकडेही उजवंच स्टिअरिंग.

बंदर_कागद
वापरलेली गाडी फक्त मुंबई बंदरातून, म्हणजे रस्त्याची सीमा आपोआप बंद. भूतानमार्गे आणून खोट्या कागदांवर इथं नोंदवलेल्या गाड्यांसाठीच सप्टेंबर २०२५ मध्ये कोचीच्या कस्टमनं केरळात "नुमखोर" नावानं छापे घातले. जप्ती मालावर येते, मालक तिसरा-चौथा असला तरी. स्वस्तात "इम्पोर्टेड" कुणी दाखवली तर आधी बिल ऑफ एंट्री मागा.

एमवाय_रोड_गॅरेज
कागदांचं झालं, आता मशीनचं. ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल २०२१ पासून ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) आहे, आपल्याकडे पंपावर ई-२० (वीस टक्के) मिळतं. इंधनाच्या टाकीच्या झाकणामागे ई-५, ई-१० एवढंच लिहिलं असेल तर कंपनीनं ती ई-२० साठी सांगितलेली नाही. इंधनाच्या नळ्या, सील, पंप यांचा प्रश्न येतो, आणि नेमके हेच भाग इथल्या मॉडेलचे वेगळे असू शकतात. तेच मॉडेल भारतात विकत असले तरी पार्ट नंबर चेसिस नंबरवरून जुळवूनच मागवा. हेडलाइट, समोरची काच, क्लस्टर यांना इथला डीलर हात लावेल का, हे आधी लेखी विचारा.

तिलकनगर_सीए
भाच्याला एवढंच विचारा: भाव पाडून मागताहेत म्हणजे किती? तीन-चार लाखांचा खड्डा असेल तर तिथंच विकू दे. त्याच्या समोर ५५.८० लाखांचा आकडा ठेवा.

सुदामानगरकर
विचारलं. खड्डा पावणेतीन लाखांचा आहे. विकतोय. सामानाची यादी करायला घेतली आहे, मिक्सर त्यात लिहिलाय.