कोलाडला राफ्टिंग: एवढी जोखीम घेऊन मिळतं काय?

ऐरोलीकर:
ऑफिसचा ग्रुप ऑगस्टमध्ये कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टिंगला चाललाय. मलाही जायचंय पण आई म्हणते पैसे देऊन जीव धोक्यात कशाला घालायचा, आणि तिला सांगायला माझ्याकडे धड उत्तर नाहीये. पोहता येतं, पण पूलमध्येच. जाऊन आलेल्यांनी सांगा ना, नक्की काय मिळतं?

घोडबंदरवाला:
मी दर पावसाळ्यात जातो. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला आणून वीज करतात आणि मग ते कुंडलिकेत सोडतात, म्हणून तिथे भर मे महिन्यातही राफ्टिंग चालतं आणि म्हणूनच ठाण्याहून पहाटे निघावं लागतं, कारण सकाळी पाणी सुटलं की राफ्ट निघतात. रॅपिडना, म्हणजे नदीतल्या खळाळत्या टप्प्यांना, 1 (सोपी) ते 6 (सगळ्यात अवघड) ग्रेड असते, इथे साधारण 2 ते 3. मिळतं काय विचारशील तर, गाइड ‘फॉरवर्ड’ ओरडला की भीती वाटत असली तरी हात चालवावेच लागतात, एकाने जरी वल्हं वर घेतलं तर राफ्ट आडवी जायला लागते. आमच्यातला अकाउंट्सचा मुलगा, एरवी मीटिंगमध्ये तोंड न उघडणारा, दुसऱ्या रॅपिडपासून अख्ख्या राफ्टला ताल देत होता! घाबरलेलो असतानाही आपण कामाचे असतो हे मला तिथेच कळलं, ऑफिसात नाही.

खारघरची मेधा:
आईंची काळजी रास्तच आहे रे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळे गुडघाभर पाणीसुद्धा माणसाला पाडतं. राफ्टमधून पाण्यात पडलास तर पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, आणि वाहत्या पाण्यात उभं राहायला अजिबात जायचं नाही, दगडात पाय अडकला की पाणी तुला खाली दाबून ठेवतं. पण लाइफ जॅकेट, हेल्मेट, गाइड असलेली नदी वेगळी आणि आमच्याकडे पांडवकडा धबधब्यावर बंदी असताना भर पावसात मुलं जातात ते वेगळं, तिथे वरून लोंढा कधी येईल कोणाला कळत नाही आणि दोरी फेकायलाही कोणी नसतं. मला नदी फार आवडते, म्हणूनच त्या बातम्या वाचून जीव तुटतो.

ऐरोलीकर:
दोघांनाही थँक्स, आईला हे असंच वाचून दाखवतो. बुकिंग करताना काय विचारू?

घोडबंदरवाला:
सोबत सेफ्टी कायाक (पडलेल्यांना वाचवायला असते ती छोटी होडी) असते का, आणि पाणी जास्त असेल तर ट्रिप रद्द करून पैसे परत देतात का. हो, आणि जॅकेट घातल्यावर कोणाला तरी ते खांद्यापाशी धरून वर ओढायला सांग, हनुवटीपर्यंत सरकलं तर पट्टे पुन्हा आवळून घे.