शब्दचर्चा : ‘डेडलॉक’ म्हणजे खोळंबा की कोंडी?

प्रश्न : कापूस खरेदी केंद्राच्या कामकाजाचं संगणकावर प्रतिमान (मॉडेल) करतो आहे. अहवाल मराठीत द्यायचा आहे. ‘डेडलॉक’ला ‘खोळंबा’ चालेल का? ‘गतिरोध’ फार पुस्तकी वाटतो.

उत्तर : खोळंबा नको, भाऊ. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर उशिरा आला, हमाल जेवायला गेले, तो खोळंबा. थांबलं की तो सरतो. डेडलॉक म्हणजे दोघं एकमेकांसाठी अडून बसणं; कितीही थांबा, सरत नाही. ती कोंडी. क्रियापदं बघा ना : खोळंबा होतो आणि मिटतो, कोंडी फोडावी लागते.

गेल्या हंगामात एका केंद्रावर मी स्वतः अडकलो. वजनकाटा एकच. आधी भरल्या ट्रॅक्टरचं वजन, आत कापूस खाली करायचा, मग परत त्याच काट्यावर रिकाम्याचं. दुपारी आवार रिकाम्या ट्रॅक्टरांनी गच्च, आणि माझा भरलेला नेमका काट्यावर. पुढे जागा नाही, मागे गेटाबाहेरपर्यंत रांग. मी हटल्याशिवाय ते निघेनात, ते निघाल्याशिवाय मला जागा होईना. शेवटी मागच्या गाड्या एकेक करून रस्त्यावर काढल्या, तेव्हा कुठे काटा मोकळा झाला.

जर्मन गणितज्ञ कार्ल आडाम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधातून आलेल्या ‘पेट्री जाळ्यां’त, म्हणजे वर्तुळं, चौकोन आणि बाणांच्या आकृत्यांत, हे नेमकं मांडता येतं. वर्तुळ म्हणजे स्थिती, चौकोन म्हणजे घटना. घटनेकडे बाण येणाऱ्या प्रत्येक वर्तुळात टोकन, म्हणजे खुणेचा ठिपका, असेल तरच ती घडते. ‘काटा मोकळा’ या वर्तुळात १ टोकन. आवारात १२ गाड्या मावत असतील तर ‘आवारात जागा’मध्ये १२. भरल्या गाडीने काट्यावर चढण्याआधीच दोन्हींतलं एकेक घ्यायचं, एवढा नियम घातला की ही कोंडी होऊच शकत नाही.

फक्त अहवालात ‘टोकन’ऐवजी ‘ठिपका’ लिहा. केंद्रावर टोकन म्हणजे शेतकऱ्याच्या हातातली नंबराची चिठ्ठी. वाचणारा हमखास घोटाळेल.

प्रश्न : ठिपका पटला, दादा. पण सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लुटुपुटीच्या केंद्रात, ते प्रतिमान १०० दिवस चालवून पाहिलं, एकदाही अडलं नाही. मग कोंडीचा उल्लेख कशाला?

उत्तर : सिम्युलेशन त्या १०० दिवसांत जे घडलं तेवढंच दाखवतं. खोळंबा किती मिनिटांचा, रांग किती लांब, हे त्यातून छान कळतं. कोंडी होणारच नाही असं लिहायचं असेल तर जाळं ज्या ज्या स्थितीत पोचू शकतं त्या सगळ्या तपासाव्या लागतात. तुमच्या जाळ्यात काटा एक आणि जागा मोजक्या. संगणकाला ते सहज जमेल. तोवर अहवालात ‘कोंडी आढळली नाही’ लिहा, ‘कोंडी होत नाही’ लिहू नका.