बीएस्सीत 46 टक्के. एमबीबीएसला अर्ज करता येईल का?

जुळेसोलापूरकर: भाऊ खुल्या प्रवर्गातला, बारावीला पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) 57 टक्के. सोलापूरच्या वैशंपायन सरकारी मेडिकल कॉलेजची आशा धरावी का?

पार्क_चौक: जरूर. पदवीचे गुण मेरिटला धरतच नाहीत, सगळं ‘नीट’ या प्रवेश परीक्षेवर. पीसीबीची अट खुल्याला 50, मागासवर्गीयांना 40 टक्के. कमाल वयाची अट नाही. राज्य कोट्यासाठी डोमिसाइल (अधिवासाचा दाखला) आधीच काढा, ऐनवेळी तिथंच घोडं अडतं.

होटगी_रोड: 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे, म्हणून आधी एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं ओळ न् ओळ वाचा. चुकीला एक गुण वजा होतो. दोन पर्यायही बाद होत नसतील तर प्रश्न सोडा. बीएस्सीची जाड पुस्तकं बाजूला ठेवा, पेपर अकरावी-बारावीवरच असतो!

जुळेसोलापूरकर: डोमिसाइलसाठी उद्याच सेतूत जातो. आभार, दादा.