मे महिन्यात पुण्याहून एका दिवसात कुठे जाता येईल?

प्रश्न: आम्ही पाच जण, सासूबाई ७२ च्या आणि धाकटा चार वर्षांचा. गाडी घरचीच. सकाळी निघून रात्री परत यायचंय, सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून गड-बिड नको. सुचवा ना प्लीज.

उत्तर १: डोळे झाकून वाई करा. ९० किमीच्या आसपास आहे पण सहाला निघाच, नाहीतर खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे अडकता आणि पोरं कुरकुरायला लागतात. ढोल्या गणपती करून मेणवलीला जा, नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे कृष्णेचा घाट, तिथली ती मोठी घंटा १७३९ च्या वसई मोहिमेतली, आमची लेक तिच्याखालून हलेचना!

उत्तर २: घाटाला पायऱ्या आहेत हं, आजींना वाड्यातच सावलीला बसवा. दहीभात आणि पन्हं घरूनच न्या. दुपारी पसरणी घाट चढून पाचगणीला गेलात की हवाच बदलते, वाटेत पानाच्या द्रोणात करवंदं मिळतात ती घ्याच घ्या.

प्रश्नकर्ती: खूप थँक्यू! करवंदांचं वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, रविवार कशाला, शनिवारीच निघू.